इमारतींमधील अग्निरोधक लेप व स्प्रिंकलर यंत्रणा

इमारतीला आग लागल्यास तिचा प्रसार रोखण्यासाठी, बांधकामाचा सांगाडा उभा ठेवण्यासाठी आणि रहिवाशांना बाहेर पडण्यास पुरेसा वेळ मिळवून देण्यासाठी ज्या उपाययोजना केल्या जातात, त्यांत अग्निरोधक लेप आणि स्वयंचलित स्प्रिंकलर यंत्रणा हे दोन प्रमुख उपाय होत. लेप कोणतीही हालचाल न करता उष्णतेला अटकाव करतो, म्हणून त्याची गणना निष्क्रिय अग्निसंरक्षणात होते. स्प्रिंकलर उष्णता जाणवताच पाणी फवारतो, म्हणून तो सक्रिय अग्निसंरक्षणाचा भाग मानला जातो. जगातील बहुतेक इमारत नियमावल्यांत इमारतीची उंची, वापर, क्षेत्रफळ आणि बांधकामाचा प्रकार यांनुसार या दोन्ही उपायांची किमान आवश्यकता ठरवून दिलेली असते. भारतात ही मानके राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागात दिली आहेत.

हे दोन्ही उपाय परस्परांना पर्याय आहेत असा समज आढळतो. प्रत्यक्षात त्यांचे कार्य भिन्न आहे. लेप आग विझवत नाही, आणि स्प्रिंकलरला पाणी मिळाले नाही तर तो सांगाडा वाचवू शकत नाही.

संज्ञांमधील भेद

सामान्य व्यवहारात 'अग्निरोधक' हा शब्द दोन निराळ्या गुणधर्मांसाठी वापरला जातो. नियमावल्यांत मात्र त्यांत स्पष्ट भेद केलेला असतो.

ज्वालामंदक लेप: लाकूड, प्लायवूड, कापड अशा जळणाऱ्या पदार्थांवर हे लेप लावतात. पदार्थ पेटण्यास विलंब व्हावा आणि त्याच्या पृष्ठभागावरून ज्वाळा पसरण्याचा वेग कमी व्हावा, हा त्यांचा हेतू असतो. अशा लेपामुळे लाकूड न जळणारे होत नाही.

अग्निरोधक लेप: हे लेप प्रामुख्याने पोलादी तुळया व खांब यांवर लावतात. पोलाद जळत नाही, परंतु तापल्यावर मऊ पडते. ५५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्याचे बळ नेहमीच्या तुलनेत सुमारे निम्म्यापर्यंत घटते. हे तापमान गाठण्यास लागणारा वेळ वाढवणे, हे या लेपाचे काम होय.

पहिल्या प्रकाराचे मोजमाप 'ज्वालाप्रसार' या निकषावर होते, तर दुसऱ्याचे 'अग्निरोधन काल' म्हणजे मिनिटे अथवा तास या एककात होते. ज्वालाप्रसाराचे प्रमाणपत्र असलेला लेप पोलादी खांबाला दोन तासांचे संरक्षण देईल, असे गृहीत धरणे चुकीचे ठरते.

इतिहास

इंग्लंडमध्ये १७३५ साली ऑबडाया वाइल्ड यांनी तुरटी, टाकणखार आणि लोहाचे सल्फेट यांचे मिश्रण कापड व कागद यांना लावण्याचे एकस्व घेतले. पुढे फ्रान्समध्ये नाट्यगृहांतील पडद्यांना वारंवार आगी लागत असल्याने रसायनशास्त्रज्ञ जोसेफ लुई गे-ल्युसॅक यांच्याकडे यावर संशोधनाचे काम सोपवण्यात आले. अमोनियमचे फॉस्फेट व टाकणखार यांसारख्या क्षारांमुळे कापडाची ज्वलनशीलता कमी होते, हे त्यांनी १८२१ साली दाखवून दिले. फॉस्फरसयुक्त संयुगे आजही ज्वालामंदक लेपांचा आधार आहेत.

स्प्रिंकलरचा उगमही नाट्यगृहांशी निगडित आहे. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात १८१२ साली विल्यम काँग्रीव्ह यांच्या पद्धतीनुसार छिद्रे असलेल्या नळांचे जाळे बसवण्यात आले. त्यात पाणी माणसाने झडप उघडूनच सोडावे लागे. उष्णतेने आपोआप उघडणारा आणि व्यवहारात उपयोगी पडणारा स्प्रिंकलर अमेरिकेतील न्यू हेवन येथील हेन्री पार्मेली यांनी १८७४ साली आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी तयार केला. फ्रेडरिक ग्रिनेल यांनी १८८१ साली त्यात मोठी सुधारणा केली. कापडगिरण्यांमध्ये कापसाच्या तंतूंमुळे आगीचा धोका मोठा असल्याने या यंत्रणेचा प्रसार प्रथम तेथे झाला आणि विमा कंपन्यांनी हप्त्यात सवलत देऊन त्याला चालना दिली. प्रत्येक ठिकाणी नळांचे आकार व अंतरे वेगवेगळी असल्याने एकसमान नियमांची गरज भासली. त्यातूनच १८९६ साली अमेरिकेत राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटना स्थापन झाली. तिचे 'एनएफपीए १३' हे मानक आज जगभर प्रमाण मानले जाते.

प्रारंभी स्प्रिंकलरचा हेतू मालमत्तेचे रक्षण हा होता. माणसांच्या जीविताचा विचार नियमांत ठळकपणे आला तो मोठ्या दुर्घटनांनंतर. शिकागोचे इरोक्वा नाट्यगृह (१९०३, ६०२ मृत्यू), न्यू यॉर्कचा ट्रँगल शर्टवेस्ट कारखाना (१९११, १४६ मृत्यू) आणि बॉस्टनचे कोकोनट ग्रोव्ह (१९४२, ४९२ मृत्यू) या आगींनंतर बाहेर पडण्याचे मार्ग, सजावटीच्या साहित्याची ज्वलनशीलता आणि स्प्रिंकलर यांविषयीचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले.

लेपांचे प्रकार व कार्यपद्धती

फुगणारे लेप

हे लेप दिसायला साध्या रंगासारखे असतात. त्यांत चार मुख्य घटक असतात: आम्ल निर्माण करणारा पदार्थ (सामान्यतः अमोनियम पॉलिफॉस्फेट), कार्बन पुरवणारा पदार्थ (पेंटाएरिथ्रिटॉल), वायू सोडणारा पदार्थ (मेलामीन) आणि या सर्वांना धरून ठेवणारे बंधक. साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअस तापमानाला यांच्यात रासायनिक अभिक्रिया सुरू होते. आम्लामुळे कार्बनयुक्त पदार्थाचा कोळसा होतो आणि वायूमुळे तो फुगून फेसासारखा थर तयार होतो. काही मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी जाडीचा लेप मूळच्या अनेक पट फुगतो आणि पोलादाभोवती उष्णतारोधक कवच निर्माण करतो. पोलादी सांगाडा उघडा ठेवून वास्तुसौंदर्य साधायचे असते, अशा ठिकाणी हे लेप पसंत केले जातात.

लेपाला फुगण्यास जागा लागते. पोलादाला चिकटून भिंत, नळ किंवा पत्रा बसवला, तर तेथे कवच नीट तयार होत नाही. तसेच सततचा दमटपणा, खारी हवा आणि ऊन यांमुळे लेपातील पाण्यात विरघळणारे घटक निघून जाऊ शकतात, म्हणून त्यावर योग्य संरक्षक रंगाचा थर द्यावा लागतो.

फवारणीचे जाड लेप

जिप्सम किंवा सिमेंट यांत व्हर्मिक्युलाइटसारखे हलके पदार्थ अथवा खनिज तंतू मिसळून हे लेप फवारले जातात. जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी रासायनिक रूपाने बद्ध असते. तापल्यावर या पाण्याची वाफ होते आणि त्यात बरीच उष्णता खर्च पडते. तोपर्यंत आतील पोलादाचे तापमान फारसे वाढत नाही. हे लेप स्वस्त व परिणामकारक असले तरी खडबडीत दिसतात आणि आघाताने निखळू शकतात. त्यामुळे ते बहुधा आच्छादित छताच्या वर वापरले जातात.

लाकूड व कापडासाठीचे क्षार

बोरॉन व फॉस्फरसयुक्त क्षारांची द्रावणे लाकडात दाबाखाली मुरवतात किंवा कापडावर फवारतात. पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांची प्रक्रिया केलेले पडदे धुतल्यावर त्यांचा गुणधर्म कमी होतो व प्रक्रिया पुन्हा करावी लागते. ब्रोमीनयुक्त काही ज्वालामंदके पर्यावरणात दीर्घकाळ टिकतात आणि सजीवांच्या शरीरात साठतात. त्यामुळे स्टॉकहोम कराराद्वारे २००९ पासून त्यांतील अनेकांवर निर्बंध घालण्यात आले.

लेपाची जाडी कशी ठरते

एकाच इमारतीतील सर्व तुळयांना सारख्याच जाडीचा लेप पुरत नाही. आगीला सामोरा जाणारा परीघ आणि छेदाचे क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तराला छेदगुणक म्हणतात. सडपातळ पोलादी भागाचा छेदगुणक मोठा असतो व तो लवकर तापतो, म्हणून त्याला जाड लेप लागतो. भरीव व जड भागाला पातळ लेप चालतो.

चाचण्या

अग्निरोधन काल मोजण्यासाठी नमुना भट्टीत ठेवून प्रमाणित तापमानवक्रानुसार तापवला जातो. 'आयएसओ ८३४' या वक्रात भट्टीचे तापमान ३० मिनिटांत सुमारे ८४२, ६० मिनिटांत ९४५ आणि १२० मिनिटांत १,०४९ अंश सेल्सिअस इतके होते. युरोपीय पद्धतीत भारवहन, अखंडता आणि उष्णतारोधन हे तीन निकष अनुक्रमे 'आर', 'ई' आणि 'आय' या अक्षरांनी दर्शवतात. अमेरिकेत ज्वालाप्रसार मोजण्यासाठी २५ फूट लांबीच्या बोगद्यात दहा मिनिटे चाचणी घेतात. तीत ० ते २५ निर्देशांक मिळवणारा पदार्थ 'अ', २६ ते ७५ मिळवणारा 'ब' आणि ७६ ते २०० मिळवणारा 'क' वर्गात मोडतो.

भट्टीतील दोन तास म्हणजे प्रत्यक्ष आगीतील दोन तास नव्हेत. खरी आग प्रमाणित वक्राहून तीव्र किंवा सौम्य असू शकते. हे वर्गीकरण पदार्थांची परस्पर तुलना करण्यासाठी आहे.

स्प्रिंकलरची रचना व प्रकार

स्प्रिंकलरच्या तोंडाशी द्रवाने भरलेली काचेची छोटी कुपी अथवा वितळणारी धातूची कडी असते. ठरावीक तापमानाला कुपीतील द्रव प्रसरण पावून ती फुटते, पाण्याचा मार्ग मोकळा होतो आणि खालच्या तबकडीवर आपटून पाणी चहूकडे फवारले जाते. द्रवाच्या रंगावरून ते तापमान ओळखता येते: नारिंगी ५७, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३ आणि निळा १४१ अंश सेल्सिअस. जागेच्या अपेक्षित कमाल तापमानाहून हे तापमान किमान सुमारे ३० अंशांनी अधिक असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणून घरे व कार्यालयांत लाल कुपी, तर स्वयंपाकघरे किंवा उन्हाने तापणाऱ्या पत्र्याच्या छताखालील गोदामे अशा ठिकाणी अधिक तापमानाची कुपी वापरतात.

सर्व स्प्रिंकलर एकाच वेळी सुरू होऊन संपूर्ण मजला भिजतो, हे चित्रपटांतील दृश्य वास्तवाला धरून नाही. जेथे उष्णता पोहोचते तेथीलच कुपी फुटते. अमेरिकेतील नोंदींनुसार बहुतांश आगी एका किंवा मोजक्या स्प्रिंकलरमुळेच नियंत्रणात येतात. केवळ धुरामुळे कुपी फुटत नाही.

यंत्रणेचे चार मुख्य प्रकार आहेत:

ओली यंत्रणा: नळांत पाणी सदैव दाबाखाली असते. हा सर्वांत साधा व विश्वासार्ह प्रकार असून भारतात बहुधा हाच वापरला जातो.

कोरडी यंत्रणा: नळांत दाबाखालील हवा असते आणि कुपी फुटल्यावर पाणी येते. पाणी गोठण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी हिचा उपयोग होतो.

पूर्वसूचित यंत्रणा: धूर वा उष्णतेचा शोध घेणाऱ्या उपकरणाने इशारा दिल्यावरच नळांत पाणी सोडले जाते. संगणक कक्ष, संग्रहालये व अभिलेखागारे यांसाठी ती योग्य ठरते.

महापूर यंत्रणा: सर्व तोंडे उघडीच असतात व झडप उघडताच सर्वांतून एकदम पाणी येते. ज्वलनशील द्रवांच्या साठ्यासारख्या विशेष धोक्याच्या जागी ती बसवतात.

सौम्य धोक्याच्या जागेत एका स्प्रिंकलरखाली साधारण २१ चौरस मीटर, तर मध्यम धोक्याच्या जागेत सुमारे १२ चौरस मीटर क्षेत्र धरले जाते. साठ्याची उंची वाढली की पाण्याची गरज झपाट्याने वाढते. त्यामुळे कार्यालयासाठी आखलेली यंत्रणा त्याच जागेचे गोदाम केल्यावर अपुरी पडते.

भारतातील तरतुदी

राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली आणि १९८३, २००५ व २०१६ साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिचा चौथा भाग 'अग्नी व जीवितसुरक्षा' या विषयाला वाहिलेला आहे. संहितेत इमारतींचे वापरानुसार नऊ गट केले आहेत: निवासी, शैक्षणिक, संस्थात्मक, जनसमूहाच्या, कार्यालयीन, व्यापारी, औद्योगिक, साठवणुकीच्या आणि धोकादायक. १५ मीटर किंवा त्याहून अधिक उंचीची इमारत उंच इमारत समजली जाते. बांधकामाचे अग्निरोधन कालानुसार चार प्रकार मानले असून भिंती, खांब, तुळया, जमिनी व छत यांचा किमान अग्निरोधन काल त्यानुसार ठरतो. कोणत्या गटाच्या व किती उंचीच्या इमारतीत स्प्रिंकलर, होज रील, पाण्याच्या टाक्या व पंप हवेत, हे संहितेतील कोष्टकात दिले आहे. स्प्रिंकलरच्या आखणीसाठी 'आयएस १५१०५' हे भारतीय मानक आहे.

भारतातील बहुतेक निवासी इमारती प्रबलित काँक्रीटच्या असतात. त्यांत सळ्यांवरील काँक्रीटचे आच्छादन हेच अग्निरोधक लेपाचे कार्य करते आणि 'आयएस ४५६' या मानकात अग्निरोधन कालानुसार त्याची किमान जाडी दिली आहे. आच्छादन निखळून सळ्या उघड्या पडल्या, तर गंजाबरोबरच आगीतील धोकाही वाढतो. पोलादावरील लेपांचा प्रश्न प्रामुख्याने कारखाने, गोदामे, विमानतळ व पोलादी सांगाड्याच्या उंच इमारतींत येतो.

संहिता स्वतःहून बंधनकारक नाही. अग्निशमन सेवा हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कार्यांत समाविष्ट आहे. राज्यांचे कायदे व स्थानिक विकास नियंत्रण नियमावल्या यांनी संहितेतील तरतुदी स्वीकारल्यावरच त्यांना कायद्याचे बळ मिळते.

महाराष्ट्र

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्यानुसार अग्निसुरक्षेची साधने बसवणे व ती सदैव चालू स्थितीत ठेवणे, ही इमारतीच्या मालकाची अथवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे 'नमुना ब' प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांनाही ही तरतूद लागू होते. बांधकाम पूर्ण होताना मिळालेले ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे कायमची निश्चिती नव्हे, हे तत्त्व या सहामाही प्रमाणपत्रामागे आहे.

इतर देशांतील तरतुदी

अमेरिका: आंतरराष्ट्रीय इमारत संहितेनुसार, अग्निशमन दलाच्या वाहनाच्या पातळीपासून ७५ फुटांहून (सुमारे २३ मीटर) उंचावर वापरातील मजला असलेल्या नव्या इमारतींत स्प्रिंकलर आवश्यक आहेत. आंतरराष्ट्रीय निवासी संहितेच्या २००९ च्या आवृत्तीत एक व दोन कुटुंबांच्या घरांसाठीही ते आवश्यक ठरवले गेले. मात्र बांधकाम खर्चाच्या मुद्द्यावर अनेक राज्यांनी ही तरतूद वगळली. कॅलिफोर्निया व मेरीलँड यांनी ती स्वीकारली.

ब्रिटन: वेल्समध्ये २०१६ पासून सर्व नव्या घरांत स्प्रिंकलर सक्तीचे आहेत. इंग्लंडमध्ये नव्या निवासी इमारतींसाठीची ३० मीटर उंचीची मर्यादा २०२० साली ११ मीटरवर आणण्यात आली. स्कॉटलंडने मार्च २०२१ पासून सर्व नव्या सदनिकांना हा नियम लागू केला.

सवलतींचा वाद

स्प्रिंकलर बसवल्यास अनेक नियमावल्या इतर अटी शिथिल करतात. भारतीय संहितेत पूर्णतः स्प्रिंकलरयुक्त इमारतीत बाहेर पडण्याच्या मार्गापर्यंतचे अंतर ५० टक्क्यांनी वाढवण्याची मुभा आहे. अमेरिकेत ४२० फुटांपर्यंतच्या उंच इमारतींत विशिष्ट अटींवर सांगाड्याचा अग्निरोधन काल कमी करता येतो.

या सवलतींचे समर्थक म्हणतात की, लहान असतानाच आटोक्यात येणाऱ्या आगीसाठी जाड लेपांवर दुहेरी खर्च करणे अनावश्यक आहे. विरोधकांच्या मते स्प्रिंकलर हे यंत्र असून पाणी, पंप, वीज आणि देखभाल यांवर अवलंबून असते. ते बंद पडले, तर सवलतीने घटवलेली दुसरी बचावफळी त्याच वेळी अपुरी ठरते.

महत्त्वाच्या दुर्घटना

एमजीएम ग्रँड हॉटेल, लास व्हेगास (१९८०): आग लागलेल्या उपाहारगृहात व शेजारच्या कॅसिनोत स्प्रिंकलर नव्हते. ८५ जण मरण पावले. त्यांपैकी बहुतेक आगीपासून दूर, वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरले.

वन मेरिडियन प्लाझा, फिलाडेल्फिया (१९९१): ३८ मजली इमारतीच्या २२ व्या मजल्यावर लागलेली आग सुमारे १९ तास धुमसत होती. तीन अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. इमारत कोसळेल या भीतीने जवानांना बाहेर बोलावण्यात आले. ३० व्या मजल्यावर मात्र स्प्रिंकलर बसवलेले होते. तेथे दहा स्प्रिंकलर सुरू झाले आणि आग थांबली. पोलादावरील लेपाने सांगाडा उभा राहण्यास मदत केली, पण आग थांबवली ती स्प्रिंकलरनी. दोन उपायांच्या भिन्न कार्याचे हे उदाहरण वारंवार दिले जाते.

वर्ल्ड ट्रेड सेंटर, न्यू यॉर्क (२००१): विमानांच्या धडकेने जुळ्या मनोऱ्यांतील पोलादावरचे फवारणीचे लेप निखळले आणि स्प्रिंकलरचे नळही तुटले, असे अमेरिकी मानक संस्थेच्या चौकशीत आढळले. शेजारच्या सातव्या क्रमांकाच्या इमारतीवर विमान आदळले नव्हते. परंतु शहराच्या जलवाहिन्या फुटल्याने तिच्या खालच्या मजल्यांवरील स्प्रिंकलरना पाणी मिळाले नाही आणि सुमारे सात तासांच्या आगीनंतर ती कोसळली. यानंतर अमेरिकी संहितेत उंच इमारतींतील फवारलेल्या लेपांच्या चिकटण्याच्या बळाची मर्यादा वाढवण्यात आली.

ए.एम.आर.आय. रुग्णालय, कोलकाता (२०११): तळघरातील ज्वलनशील साठ्याला लागलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्यांवर पसरून सुमारे ९० जणांचा मृत्यू झाला.

ग्रेनफेल टॉवर, लंडन (२०१७): इमारतीबाहेरील ज्वलनशील आवरणावरून आग वर चढली. इमारतीत स्प्रिंकलर नव्हते. ७२ जण मरण पावले.

कमला मिल, मुंबई (२०१७): गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेली आग ज्वलनशील छतामुळे वेगाने पसरली आणि १४ जणांचा मृत्यू झाला.

मर्यादा व देखभाल

अमेरिकेतील आकडेवारीनुसार, पुरेशा मोठ्या आगीच्या वेळी सुमारे दहापैकी नऊ प्रसंगांत स्प्रिंकलर यशस्वी ठरतात. उरलेल्या प्रसंगांतील अपयशाचे सर्वांत मोठे कारण यंत्रातील दोष हे नसून यंत्रणा आधीच बंद करून ठेवलेली असणे, हे आहे. गळती किंवा दुरुस्तीसाठी बंद केलेली झडप पुन्हा न उघडणे, टाकीतील पाणी अन्य कामासाठी वापरणे, पंपाचा स्वयंचलित कळफलक बंद ठेवणे आणि रंगकामात स्प्रिंकलरवर रंग चढणे, ही याची नेहमीची रूपे होत. सजावटीसाठी उभारलेले खोटे छत किंवा तोंडाजवळ रचलेले सामान यांमुळेही फवारा अडतो.

लेपांच्या बाबतीत उणीव सहज दिसत नाही. वातानुकूलनाचे नळ किंवा तारा बसवताना खरवडलेला लेप पुन्हा लावला जात नाही. फुगणाऱ्या लेपावर अयोग्य रंग दिला जातो. खांबाचा थोडासाच भाग उघडा राहिला तरी उष्णता तेथून आत शिरते. म्हणून लेपाची जाडी, चिकटण्याची स्थिती व दुरुस्तीची नोंद ठेवणे आवश्यक मानले जाते.

दोन्ही उपाय इतर व्यवस्थांवर अवलंबून आहेत. कुलूप लावलेला जिना, अडगळीने भरलेला मार्ग किंवा उघडे ठेवलेले अग्निरोधक दार असेल, तर लेप व स्प्रिंकलर यांनी मिळवून दिलेला वेळ रहिवाशांच्या उपयोगी पडत नाही.

हेही पाहा

अग्निशमन
राष्ट्रीय इमारत संहिता
भारतीय मानक ब्यूरो
ग्रेनफेल टॉवर आग